रामसखीची ओटी

फोन आला तेव्हा मंजूषा मोहरीर भोपाळच्या शिवाजी नगरात मंदाकिनी या मैत्रिणीकडे गप्पा मारत बसली होती. भाद्रपदातला रविवार, ऊन नुसतं भाजून काढत होतं. फोनवर नवऱ्याचं, अच्युतचं नाव दिसलं म्हणून तिनं उचलताच विचारलं, “कुठवर आलात?”

पलीकडून एका बाईचा आवाज आला. घोगरा, शब्द ओढत बोलणारा, पण अगदी शांत.

“दीदी, आपके आदमी हमारे गाँव में हैं. शक्कर कम हो गई थी उनकी. अब ठीक हैं, बोल रहे हैं. किसी को भेज दो, गाड़ी मत चलाने देना इन्हें.”

मंजूषा काही विचारणार, एवढ्यात मागून कुणा पुरुषाचा चिडका आवाज आला, फोन हिसकावल्यासारखा झाला आणि त्या पुरुषानं गावाचं नाव तेवढं सांगितलं. सेमरा. रायसेन ओलांडून विदिशेच्या रस्त्याला. फोन बंद.

शेजारचे श्रीकांत मेहुण्याला घेऊन लगेच निघाले. संध्याकाळी एकानं अच्युतला गाडीतून आणलं, दुसऱ्यानं त्याची स्कूटर. अच्युत घरात शिरला तो ओशाळं हसतच. शर्टावर गुळाच्या पाण्याचे ओघळ वाळून चिकट झाले होते. मंजूषानं त्याला आधी बसवलं, साखर मोजली, जेवायला वाढलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

या भटकंतीचं वेड त्याला पिपलानीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत असल्यापासूनचं. कारखान्यात आठवडाभर टर्बाइनची पाती तपासायची आणि रविवारी स्कूटर काढून भोपाळच्या बाहेर कुठल्याही फाट्याला वळायचं. सांची, भोजपूर, भीमबेटका ही पाहुण्यांना दाखवायची ठिकाणं. अच्युतला लागायचं ते, जिथे कुणी जात नाही असं काहीतरी. शेताच्या मधोमध एकटीच उभी असलेली दगडी छत्री, खाली कुणाच्या अस्थी आहेत ते गावालाही ठाऊक नाही. म्हशी बांधायला जमिनीत उभी पुरलेली तोफ. नबाबाच्या काळातलं पडकं जकातनाकं, ज्याच्या खिडकीतून आता वडाचं झाड बाहेर आलंय. एका सरपंचानं गच्चीवर बांधलेली विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी. घरी आला की तो मोबाइलवरचे फोटो दाखवायचा आणि मंजूषा मटार सोलता सोलता “छान आहे” म्हणायची. ती कधीच बरोबर गेली नव्हती. तिचा जन्म भोपाळचाच. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथे आलेले, आणि पुढे तिचीही सगळी नोकरी इथल्याच सरकारी कचेरीत गेली. रविवार हा तिच्या मते पाय पसरून बसण्याचा दिवस होता. दगड बघायला एवढं ऊन कशाला खायचं, हे तिला आजवर कळलं नव्हतं. आता निवृत्त झाल्यावर, अयोध्या नगरात घर बांधल्यावरही, त्याचे रविवार सुटले नव्हते.

त्या दिवशी तो साखर उतरवायची गोळी खाऊन निघाला आणि वाटेत काही खायचं विसरला. सेमऱ्याच्या बाहेर एक जुनी बावडी आहे, पायऱ्यापायऱ्यांची विहीर, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. ती काही सापडली नाही. परत येताना गावाजवळ रस्त्याच्या कडेला त्याचे पाय लटपटले आणि तो खालीच बसला.

“मला सगळं ऐकू येत होतं,” दोन दिवसांनी तो म्हणाला. “जीभच वळत नव्हती. दोघं जण माझ्याजवळून गेले. ‘सुबह से चढ़ा रखी है’ म्हणाले. मग एक बाई आली. तिनं वाकून माझं तोंड हुंगलं.”

“हुंगलं?”

“हो. म्हणाली, ‘दारू नहीं है.’ आणि धावत गेली. मग तोंडात गुळाचं पाणी. थोडं थोडं पाजत होती, ठसका लागू नये म्हणून. चेहरा काही नीट दिसला नाही बघ. नुसत्या हिरव्या बांगड्या आठवतात.”

मंजूषा पोळ्या लाटायची थांबली. तीही बाई तिसरी म्हणून निघून गेली असती तर? हा प्रश्न तिच्या मनात आला आणि मग तो जाईचना. भाजी घेताना, बँकेत, देवापुढे दिवा लावताना तो घोगरा आवाज कानात यायचा. नाव नाही, गाव तेवढं माहीत. आपलं अख्खं घर जिनं जागेवर ठेवलं तिला आपण साधं “बाई गं” म्हणूनही हाक मारलेली नाही.

दसरा झाला आणि ती म्हणाली, “आपण सेमऱ्याला जाऊ या.”

“श्रीकांतनी मानलेत की त्यांचे आभार.”

“श्रीकांत तुमची बायको आहेत का?”

मंजूषानं एका पिशवीत नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळद-कुंकू, नागपूरहून आलेला जरीकाठी खण आणि काचेच्या बांगड्या भरल्या, डबाभर शंकरपाळे घेतले, आणि स्वतः गाडीच्या स्टिअरिंगवर बसली. तिनं आजवर गाडी चालवली होती ती घर ते कचेरी एवढीच. बायपासला ट्रक बाजूनं गेला की ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरायची. अच्युत शेजारी बसून हळूहळू बोलत राहिला. हा डोंगर बघ, यावर रायसेनचा किल्ला. त्या पिवळ्या घराच्या मागे एक समाधी आहे, तिच्यावर दोन पोपट कोरलेत. नेहमी ती अर्ध्यात दुसरा विषय काढायची. आज ती “कुठे? कुठे?” करत मान वळवू लागली, तेव्हा त्यालाच म्हणावं लागलं, “अगं, तू पुढे बघ.”

सेमरा म्हणजे रस्त्यालगत एक चहाची टपरी, पिंपळाचा पार आणि मागे घरं. पारावर चार-पाच पुरुष बसले होते. मंजूषानं नमस्कार करून सांगितलं की महिन्यापूर्वी इथे माझे यजमान पडले होते, ज्या बाईंनी त्यांना वाचवलं त्यांना भेटायचंय.

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. पांढऱ्या मिशांचा एक धिप्पाड म्हातारा म्हणाला, “हमीं लोगों ने उठाया था, मैडम. औरत-वौरत कोई नहीं थी.”

“पर फोन तो किसी बहनजी ने किया था.”

“कोई नहीं थी.”

बाकीचे जमिनीकडे बघू लागले. अच्युतनं हळूच तिचा हात दाबला, चल म्हणून. मंजूषाला काही उमजेना. एवढ्या चांगल्या कामाचं माणसं नाव का सांगत नाहीत?

तेवढ्यात पलीकडच्या अंगणातून कुणीतरी कुणाला तरी झापलं. “बाल्टी इधर रख! उधर भैंस लात मार देगी!”

घोगरा, ओढलेला. मंजूषा कुणालाही न विचारता सरळ त्या अंगणात शिरली.

चाळिशीतली एक सडसडीत बाई शेणाच्या हातांनी उभी होती. पाहुणी बघताच तिनं कोपरानं पदर पुढे ओढला.

“तुम्हीं ने फोन किया था ना मुझे?” मंजूषानं विचारलं.

“हम नहीं थे, दीदी.”

“मैं तुम्हारी आवाज़ भूलूँगी कभी?”

पदराआडून तिची नजर मंजूषाच्या खांद्यावरून मागे गेली. मागे अंगणाच्या तोंडाशी तो पांढऱ्या मिशांचा म्हातारा येऊन उभा होता. मग अंगणातल्या खाटेवरून एक वाळकासा माणूस उठून बसला आणि म्हणाला, “थी. यही थी. झूठ क्यों बोलें?”

तो तिचा नवरा. बाईचं नाव रामसखी. नवऱ्यालाही साखरेचा आजार, दोनदा असाच पडलेला. म्हणून तिला खूण माहीत होती. आणि तो म्हातारा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, रामसखीचा जेठ. आपल्या घरातल्या सुनेनं भररस्त्यात परक्या पुरुषाच्या तोंडाला तोंड लावलं, तेही दारुड्याच्या, अशी आवई गावात उठली होती. कुणी काय काय जोडलं देव जाणे. तेव्हापासून जेठानं तिच्या हातचं पाणी बंद केलं होतं. एकाच घरात राहून तो शेजारच्या घरी जाऊन चहा पीत होता. महिना होत आला होता.

हे सगळं नवऱ्यानं खाली मान घालून सांगितलं. रामसखी भिंतीकडे तोंड करून हात धूत राहिली, धुऊन झाले तरी धूत राहिली.

मंजूषाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या म्हाताऱ्याला चार शब्द सुनवावेत असं अगदी ओठांवर आलं. पण जन्मभर कचेरीत माणसं हाताळलेली बाई ती. चारचौघांत ज्याला खाली बघायला लावावं तो पुढे कधीच आपला होत नाही, आणि आपण तर संध्याकाळी भोपाळला निघून जाणार. राहायचं रामसखीला आहे. तिनं राग गिळला.

“अहो,” ती म्हणाली, “गाडीतली पिशवी आणा. आणि त्या सगळ्यांना इकडे बोलवा, पारावरच्यांना.”

अच्युत गेला. गाडीवाली मंडळी आली आहेत ही बातमी एव्हाना पसरलीच होती, त्यामुळे बायाही जमल्या. मंजूषानं रामसखीला ओट्यावर पाटासारखी एक फळी टाकून बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हम लोग महाराष्ट्र के हैं. हमारे यहाँ बहन की, बेटी की ओटी भरते हैं. मतलब गोद में नारियल, चावल रखते हैं.”

बायकांत कुजबुज झाली. मग एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “गोद भराई? इस उमर में? अरे रामसखी, तैने बताया नहीं!”

अख्खं अंगण हसलं. खाटेवरचा नवरा लाजून दुसरीकडे बघू लागला. पदराआड रामसखीचे खांदे हलायला लागले, आणि ती रडतेय की काय म्हणून मंजूषा वाकून बघते तर ती खुदुखुदु हसत होती. मंजूषालाही हसू आवरेना. तिनं हात जोडून सांगितलं की तसं काही नाही, आमच्यात ही नुसती मानाची रीत आहे, घरी आलेल्या लेकीला रित्या पदरानं पाठवत नाहीत. “और इसने मेरा घर भरा रखा है. इसलिए.”

हळद-कुंकू लावताना तिला दिसलं, रामसखीच्या हातात हिरव्याच बांगड्या होत्या. तिनं ओंजळीनं तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला, आणि आपण वयानं मोठ्या आहोत हे विसरून वाकून नमस्कार केला. रामसखी दचकून उठू लागली, तर तांदूळ सांडायला लागले. बायांनीच तिला दाबून बसवलं.

मग अच्युत पुढे झाला. त्याला असं चारचौघांत बोलण्याची सवय नाही. त्यानं काय बोलावं हे काही ठरलेलंही नव्हतं. तो थेट त्या म्हाताऱ्यासमोर जाऊन हात जोडून उभा राहिला.

“भाईसाहब, मैं शराब नहीं पीता. पर उस दिन पीकर भी पड़ा होता, तो भी मर ही जाता. आपके घर की बहू ने मुझे मरने नहीं दिया. यह आपके घर का एहसान है मुझ पर. आपका है.”

म्हाताऱ्यानं मिशांवरून हात फिरवला आणि तो वळून घरात गेला. मंजूषाला वाटलं, संपलं, आपण आणखीच बिघडवून ठेवलं.

तो परत आला तो एक खाट ओढत. ती अंगणात सावलीला टाकली, वर हातानं झटकली. “बैठिए, साहब. खड़े क्यों हो.” आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, “चाय बना, बहू. मेरी भी बनाना.”

रामसखी ओटीतलं सगळं सावरत आत पळाली. चहा दुधाळ, आलं घातलेला, अच्युतसाठी आठवणीनं बिनसाखरेचा. म्हाताऱ्यानं बशीत ओतून तो भुरका मारून प्यायला आणि आणखी मागितला. खाटेवरच्या नवऱ्यानं डोळे पुसले ते कुणी पाहिलं नाही असं त्याला वाटलं असेल, पण मंजूषानं पाहिलं.

शंकरपाळ्यांचा डबा फिरला. बोलणं सुटं झालं. रामसखीनं पदर किंचित मागे घेतला आणि अच्युतला विचारलं, “आप यहाँ देखने क्या आए थे उस दिन?”

“बावड़ी.”

“वो?” ती चकित झाली. “वो तो हमारे खेत के पीछे है. वहाँ तो अब कचरा फेंकते हैं.”

“उसी के लिए आया था.”

बायांना हे फारच गमतीचं वाटलं. पण म्हातारा उठला, काठी घेतली आणि पुढे चालू लागला, तशी सगळी वरात त्याच्या मागे निघाली. तूर कमरेएवढी वाढली होती. तिच्या पलीकडे घाणेरीच्या दाट झुडपांत जमीन एकदम खाली गेली होती. म्हाताऱ्यानं काठीनं झुडपं दाबून धरली आणि अच्युत, मग मंजूषा, मग रामसखी एकेक पायरी उतरले.

वर प्लॅस्टिकच्या पिशव्या, फुटक्या घागरी, कुणाचा तरी मोडका पंखा. पण पहिल्या वळणाखाली कचरा पोचलाच नव्हता. कमानीवर कमान. दगड इतके नीट बसवलेले की मध्ये नख जाऊ नये. खाली हिरवं, निवांत पाणी, आणि त्यातून वर येणारा गारवा असा की बाहेर ऊन आहे हेच विसरावं. एका कोनाड्यात हातभर उंचीची मूर्ती होती. देवी नव्हे, साधी बसलेली बाई, मांडीवर तान्हं मूल, आणि दोन्ही हात मुलाच्या डोक्याखाली.

“दाई है,” रामसखी म्हणाली. “सास बताती थी. रानी का बच्चा अटक गया था, इसने छुड़ाया. राजा ने पूछा, क्या लेगी? बोली, रास्ते पर पानी नहीं है, लोग प्यासे जाते हैं. तो राजा ने यह बनवा दी. सच-झूठ भगवान जाने.”

अच्युत मोबाइल काढायचं विसरून नुसता बघत उभा होता. त्याच्या तोंडावर जे होतं ते मंजूषानं इतक्या वर्षांत फोटोंमध्ये कधी पाहिलं नव्हतं, कारण फोटोत तो स्वतः कधी नसायचाच. हा माणूस रविवारी असा दिसतो तर. तिला एकाच वेळी हसू आलं आणि गहिवरून आलं. तिनं ओल्या दगडावर हात टेकला. गार होता, आणि तळहाताला बरं वाटत होतं. कुणाकुणाचे म्हणून आभार मानायचे, असं तिला झालं. गूळ धावत आणणाऱ्या बाईचे, चहा मागणाऱ्या म्हाताऱ्याचे, आणि शेजारी धडधाकट उभं राहून कमानीकडे तोंड वासून बघणाऱ्या या नवऱ्याचेही.

वर आल्यावर म्हातारा म्हणाला, “इसको साफ करवाना चाहिए.” दोघं-तिघं लगेच “हाँ, हाँ” म्हणाले. होईल न होईल. पण रामसखीनं तिथल्या तिथे तो मोडका पंखा उचलला आणि बांधावर नेऊन ठेवला.

निघताना तिनं मंजूषाच्या गाडीत भुईमुगाच्या ओल्या शेंगा, काकड्या आणि गुळाची अख्खी ढेप ठेवली. “इनकी जेब में एक डली रखा करो, दीदी,” ती म्हणाली, “दवाई जैसी.” नवऱ्याला डॉक्टरांना दाखवायला भोपाळला यायचं तिनं कबूल केलं, आणि उतरायचं ते आमच्याकडेच, असं मंजूषानं दोनदा वदवून घेतलं.

परतीला ऊन कलतं होतं. गाडी बरीच पुढे आल्यावर मंजूषानं एकाएकी ब्रेक लावला.

“काय झालं?” अच्युत दचकला.

“अहो, ते बघा तरी!”

रस्त्याकडेला एक मोठा कडुनिंब होता आणि त्याच्या फांद्याफांद्यांना टायर लटकत होते. सायकलचे, मोटारसायकलचे, एक तर ट्रॅक्टरचा. प्रत्येकाला झेंडूची माळ, बुंध्याला कुंकवाची बोटं. “नक्कीच कसलं तरी जुनं ठाणं असणार. नवसाचं वगैरे. उतरा, उतरा.”

दोघंही उतरून कौतुकानं बघू लागले. झाडाच्या मागून एक तेलकट हातांचा माणूस आला. मंजूषानं आदरानं विचारलं, “भैया, यह किस देवता का स्थान है?”

तो बुचकळ्यात पडला. “मैडम, पंचर की दुकान है. दशहरे की पूजा की थी, माला अभी उतारी नहीं.”

मग अच्युत गाडीच्या टपावर हात ठेवून इतका हसला की त्याला धाप लागली, आणि मंजूषा त्याच्या पाठीवर चापट्या मारत स्वतःच हसत सुटली. पंक्चरवालाही हसला. त्यानं न विचारता चारही चाकांची हवा बघितली आणि मागचं एक भरून दिलं.

“फोटो काढू?” अच्युतनं विचारलं.

“काढा की,” मंजूषा म्हणाली, आणि पदर सारखा करून टायरांखाली जाऊन उभी राहिली.